पालखीच्या दांड्याचं रोगण

सदा, इकडे ये बघू. असा लांब उभा राहू नकोस, जवळ ये, पडवीत माझ्या पाटाशेजारी बस. भांडायचंय मला तुझ्याशी. थोरली बहीण घरात धडधाकट बसलेली असताना धाकट्यानं पुढे निघून जायचं असतं का रे? चार दिवसांचा ताप तो काय, आणि तेवढ्यावर तू चालता झालास. आयुष्यभर मी तुला ‘मेल्या’ म्हणत आले. मेल्या जेवायला ये, मेल्या कुंचा धुतलास का. आता तो शब्द ओठाशी येतो आणि तिथंच अडतो. एक बरी शिवी होती माझ्याकडे, तीही तू घेऊन गेलास.

आज एकविसावा दिवस. दुपार आहे. तुझी बायको येसू मागच्या दारी भात सडतेय, मुसळाचा आवाज येतोय, आणि मी कागद घेऊन बसलेय. गावातल्या बायकांची मुंबईला जाणारी पत्रं मी इतकी वर्षं लिहिली की ‘इकडील सर्व क्षेम’ हे शब्द हात आपोआप लिहितो. आत्ताही लिहीत होता, मी थांबवला. तुला खोटं कशाला कळवू? अक्षरं तरी तुझ्याच पाटीवर शिकले मी. मास्तर तुला शिकवायचे आणि तू घरी येऊन मला. चुकले की छडीसुद्धा मारायचास, मी वयानं सहा वर्षांनी मोठी असून.

चार-पाच दिवसांमागे माळ्यावरून तुझी हत्यारांची पेटी उतरवली. झाकण उघडलं आणि रोगणाचा वास आला. तू गेलास त्या दिवशी मी रडले नव्हते, सगळे म्हणत होते आक्का घट्ट आहे. त्या वासानं रडवलंन.

आपल्या घरात रोगण म्हणजे दोघांचं काम. लाकूड तुझं, चूल माझी. मी कपाळ पुसून माहेरी परत आले तेव्हा कोणती कामं करावीत आणि कोणत्या वस्तूला शिवू नये हे सांगायला गावभरच्या बायका येऊन गेल्या. तू काहीच सांगितलं नाहीस. परसात फणसाखाली तीन चिरे मांडून चूल केलीस आणि म्हणालास, “आक्का, लाडवाच्या पाकाची तार तुझ्या बोटाला कळते. माझ्या बोटाला फक्त रंधा कळतो. बस हितं.” तेव्हापासून मी बसले.

टोपात अळशीचं तेल. त्यात मुरदाडशिंगाची पुरचुंडी लोंबती सोडायची, म्हणजे लाकडावर तेल लवकर सुकतं. तेल तापलं की कोंबडीचं पीस बुडवायचं. पीस आकसलं म्हणजे तेल झालं. दुसऱ्या भांड्यात चंद्रूस वितळायला ठेवायचा, खडीसाखरेसारखे ते राळेचे पिवळे खडे, आणि त्यात तेलाची धार सोडत ढवळत राहायचं. एक थेंब खापरीवर गार करून अंगठा आणि बोटात ओढायचा. तार आली की उतरव. टरपेंटिन घालायचं ते चुलीपासून लांब, बावीच्या पाण्याकडे नेऊन. आणि सगळं झालं की तू फणसाच्या लाकडाचं एक फळकूट घ्यायचास, वीतभर, त्यावर कुंच्यानं एक हात मारायचास, आणि दोन दिवस थांबायचास. फळकुटानं हो म्हटल्याशिवाय तू कुणाच्या दाराला, पाळण्याला, देव्हाऱ्याला रोगण लावलं नाहीस.

त्या दोन दिवसांत आपलं भांडण ठरलेलं. तू म्हणायचास फळकूट उन्हात ठेव, मी म्हणायचे सावलीत, वाऱ्याला.

“उन्हात चकाकी येते, आक्का.”

“उन्हात वरून पापुद्रा धरतो आणि आत ओलं राहतं. पापड वाळवलेत कधी?”

“मी काय पापड लावतोय दाराला?”

मी सावलीत ठेवायचे, तू येता जाता उचलून उन्हात ठेवायचास, मी परत सावलीत. त्या फळकुटाला बिचाऱ्याला कळत नसेल आपण कुठले. या भांडणाचा निकाल काही लागला नाही सदा. आणि ते एकच राहिलं असतं तर मी आज कागद घेऊन बसले नसते. दुसरं एक राहिलंय. ते मी बारा वर्षं पोटात ठेवलं.

त्या वर्षीचा शिमगा. आठ दिवसांवर आलेला. देवाच्या पालखीला रोगण करायचं काम आपल्या आजापासून आपल्या घरात, तो आपल्या घराचा मान. गावात सुताराला जागा कुठे असते? कुणाच्या तरी पडवीत, खाली. पण शिमग्यात पालखी नाचायला लागली आणि उन्हात दांडा चमकला की म्हातारी माणसं म्हणायची, सुताराच्या घरचा हात आहे. बाबांची मान त्या एका वाक्यावर वर्षभर ताठ असायची.

तू माचव्याच्या, मोठ्या होडीच्या, कामाला जयगडला निघालास. अळशीच्या तेलाचा मुंबईहून आलेला एकच डबा घरात होता, दुसरा आगबोटीनं यायचा तो आला नव्हता. जाताना म्हणालास, “आक्का, जपून गो. येवढंच तेल हाय.”

मी म्हटलं, “जा रे. तुला चालायला शिकवलेली बाई मी.”

तेल चुलीवर ठेवलं आणि शेजारची पारू आली. तिच्या नवऱ्याचं मुंबईहून तीन महिन्यांनी पत्र आलेलं, आणि उघडायला तिचा हात होईना. ती पायरीवर बसली, मी तिच्यापाशी बसले. वाचलं. बरं होतं सगळं, नुसता आळशी नवरा. ती आनंदानं रडायला लागली, म्हणाली, उत्तर आत्ताच लिही. मी लिहायला घेतलं. ‘इकडील सर्व क्षेम’ लिहिलं आणि मागे भस्सकन आवाज झाला.

टोप उतू गेला होता आणि चुलीनं पेट घेतला होता. मी मातीनं भरलेली पाटी उलटी केली त्याच्यावर. जाळ विझला, माझी डावी भुवई गेली, आणि टोपात तेल राहिलं अर्धं. टोपाला आतून तू खिळ्यानं खूण केली होतीस, तेल इथवर पाहिजे म्हणून. ती खूण माझ्याकडे बघत होती.

तू आल्यावर सांगता आलं असतं. तू काय मला खाल्लं असतंस? पण ‘तुला चालायला शिकवलेली बाई’ असं म्हणून मी पाठवलं होतं तुला. दिव्याचं उंडीचं तेल कोनाड्यात होतं. आपल्या किनाऱ्यावरच्या झाडाचं ते कडू, हिरवट तेल. दिव्यात जळतं, होडीच्या तळाला चालतं. मला ठाऊक होतं ते लवकर सुकत नाही. तरी मी ते खुणेपर्यंत ओतलं. वरून चंद्रूस घातला, टरपेंटिन घातलं, त्या वासात उंडीचा वास मरून गेला. तारही आली. माझ्या बोटांनीसुद्धा मला फसवलं.

तू परत आलास. माझ्याकडे बघून म्हणालास, “भुवय काय झाली गो?”

“भाकरी भाजताना.”

“भाकरीनं भुवय जाते?”

“तू भाज एकदा, म्हणजे कळेल.”

हसलास. मग कुंचा घेतलास. मी म्हटलं, “फळकुटावर बघायचं नाही का?” खरं सांगते, तू बघावंस म्हणूनच मी ते म्हटलं. फळकुटानं सांगितलं असतं म्हणजे मला सांगावं लागलं नसतं. तू म्हणालास, “वेळ कुठं हाय? आणि तुझ्या हातचं हाय, बघायचं काय त्यात?”

सदा, या वाक्याइतकं मला आयुष्यात काही लागलं नाही.

होमाच्या दिवशी पालखीत देवाची रुपी, मुखवटे, लागली, वर भरजरी शेला चढला, ढोल वाजले. सकाळी हाताला कोरडं लागलेलं रोगण दुपारच्या उन्हात आणि खांद्यांच्या घामात पाघळलं. गुलाल उडाला तो दांड्यावर बसला आणि उठेना. वरच्या वाडीतला धोंडू खांदा बदलायला गेला तर त्याचा सदरा दांड्याला चिकटून राहिला. “देव सोडीत न्हाय रे मला!” तो ओरडला आणि सगळं गाव हसलं. मीही हसले, देवा शप्पथ. मग पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली, गुरवानं शेला उचलला, आणि तो कडेनं चिकटलेला शेला टर्रकन फाटला. त्यानंतर कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी देवळात गाव बसला. मी मागे बायकांत उभी होते. तोंडात शब्द तयार होता, बाहेर येत नव्हता. एक जण म्हणाला, “तेलाला हात कुणाकुणाचा लागला ते इचारा आधी.” आणि माझ्याकडे न बघता तू उभा राहिलास. “माझा. सगळा माझाच हात. दुसऱ्या कुणाचा न्हाय.” देवासमोर तू खोटं बोललास. चुलीवर मी असते हे अर्ध्या गावाला ठाऊक होतं, पण देवाच्या कामाला विधवेचा हात लागला हे उघड बोललं गेलं असतं तर पुढे माझं काय झालं असतं ते तुला दिसत होतं.

गुरवानं कौल लावला. देवाच्या दोन्ही अंगांना फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या आणि विचारलं, पालखीचं काम या घराकडे ठेवायचं का? उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. डावी पडली. काम खालच्या वाडीतल्या सुताराकडे गेलं. तू हात जोडलेस आणि घरी येऊन पेज मागितलीस. देवाचा मला राग नाही. तेलात कुणी काय केलं, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

बारा वर्षं पालखी आपल्या खळ्यात, दारच्या अंगणात, आली. येसूनं ओटी भरली, नारळ दिला. तू फणसाच्या बुंध्याशी, हात मागे बांधून उभा. एकदाही खांदा दिला नाहीस. फक्त डोळे दांड्यावर. एका वर्षी पालखी गेल्यावर म्हणालास, “पाणी मुरतंय दांड्यात,” एखाद्या आजारी माणसाबद्दल बोलावं तसं. एरवी होड्या केल्यास, पाळणे केलेस, गावात निम्मी दारं तुझ्या हातची. मी चूल सोडली नाही, तू सोडू दिली नाहीस. उलट त्यानंतर तू प्रत्येक रोगणाला फळकूट करायचास आणि पहिल्यांदा मला हात लावायला लावायचास. “आक्का, बोट लाव. चिकटतं का?” मला वाटायचं, तुझा स्वतःच्या हातावरचा भरवसा गेलाय. म्हणजे माझ्यामुळे. रोज ठरवायचे, आज सांगेन. रोज एक काहीतरी आड यायचं, आणि नाही आलं तर मी आणायचे.

तापातल्या तिसऱ्या दिवशी मी सांगायला बसले होते. आठवतंय ना? येसू पाणी आणायला गेली होती. मी म्हटलं, “सदा, त्या पालखीचं रोगण...” तू डोळे उघडलेस. चांगले स्वच्छ डोळे होते, तापाचे नव्हते. म्हणालास, “आक्का, पेज गरम हाय?” मी पेज आणायला उठले. परत आले तर तुला झोप लागली होती. मी वाडगा घेऊन बसून राहिले, पेज गार झाली.

आता पेटीचं सांगते. रंधे, पटाशा, गिरमिट, सगळ्यांना तेल लावून ठेवलेलंस. तळाशी सुतळीनं बांधलेला फळकुटांचा जुडगा. मला वाटलं, नमुने असतील. सोडला. एकेका फळकुटावर तुझ्या शिसपेनीची अक्षरं. ‘अळशी, चंद्रूस कमी.’ ‘अळशी, मुरदाडशिंग नाही.’ ‘टरपेंटिन जास्त.’ सगळी कोरडी, खडखडीत. शेवटचं हातात घेतलं आणि बोट चिकटलं. इतक्या वर्षांनीसुद्धा. त्यात गुलाल बसलेला, आणि गुलालात तुझ्या अंगठ्याचा ठसा. मागे लिहिलेलं: ‘अळशी निम्मी, उंडी निम्मी.’ आणि खाली एकच शब्द, ‘हेच’.

मी येसूला हाक मारली. ती आली, माझ्या हातात काय आहे ते बघितलं आणि जमिनीवर बसली.

“त्याच वर्षी केल्यानी ती,” ती म्हणाली. “शिमगा झाल्यावर. महिनाभर मागच्या मांगरात, खोपटात बसायचे. एक दिवशी बाहेर आले, म्हणाले, सापडलं. कोनाड्यातलं दिव्याचं तेल कमी झालेलं त्यांना तेव्हाच दिसलेलं.”

“आणि तुला सांगितलं?”

“मला म्हणाले, आक्काला बोलायचं न्हाय. तिला ह्या गावात राहायचं हाय. मी बाप्यामाणूस, होड्या रंगवीन.”

मला आधी तुझा राग आला. रागच आला, उगाच गोड बोलत नाही. बारा वर्षांपूर्वी माफ करून टाकलंस आणि मला कळवलं नाहीस? इतक्या जणींची पत्रं पोचवली मी, माझंच एक तू पेटीच्या तळाशी ठेवून दिलंस? एका घरात, एका चुलीशी, तू मला सांभाळत होतास आणि मी तुझ्यापासून लपत होते. बोललो असतो तर दोघं मिळून रडलो असतो आणि मग पेज प्यायलो असतो. मग थोड्या वेळानं राग उतरला आणि ते ‘बोट लाव, चिकटतं का’ आठवलं. भरवसा गेला नव्हता तुझा. मी भिऊन चूल सोडू नये म्हणून दर वेळी माझंच काम मला दाखवत होतास, चांगलं झालंय म्हणून. पेज गरम हाय का विचारलंस ते कशाला, तेही आता कळलं. माझ्या तोंडून ते निघू नये म्हणून. वेड्या, मला ते काढायचं होतं रे.

परवा शिमग्याची कामं वाटायला देवळात गाव बसला. सुतक फिटलं होतं. मी ते चिकट फळकूट पदराखाली घेतलं आणि गेले. येसू म्हणाली, मी येते. म्हटलं, ये, पण बोलणार मी. बायकांच्या जागेवर न थांबता पुढे गेले. सगळं सांगितलं. उतू गेलेलं तेल, उंडी, खूण, भुवई. फळकूट मधे ठेवलं.

म्हाताऱ्या गावकरांनी फळकुटाला बोट लावलं, ते चिकटलं. मग म्हणाले, “बाय, बारा वर्षं गप बसलीस?”

“बसले.”

“आज कशाला बोललीस?”

“तो माझ्यासाठी तुमच्यापुढे खोटं बोलला. ते त्याच्या माथ्यावर ठेवून मला मरायचं नाही.”

मागून कुणीतरी पुटपुटलं, “म्हणजे देवाच्या तेलाला विधवेचा हात...” तेव्हा तोच धोंडू उठला, सदरा चिकटलेला. केस पिकलेत आता त्याचे. “शेला फाटायच्या आधी कितीक वर्षं तिच्याच हातचं रोगण चमकत होतं, तेव्हा कुणाच्या पोटात दुखलं न्हाय! देवाला इचारा. तो बोलंल ते खरं.”

गुरवानं पाकळ्या लावल्या. विचारलं, पालखीच्या दांड्याचं काम सदाच्या घराकडे परत द्यायचं का? नुसत्या दांड्याचं, बाकीची पालखी खालच्या वाडीकडेच राहील. मी डोळे मिटले नाहीत. मागच्या वेळी मिटले होते. पाकळी बराच वेळ हलेना. मग उजवी पडली.

तेल कुणी शिजवायचं, असं एकानं विचारलं. धोंडू म्हणाला, “ते देवाला कुणी इचारलंय? मग तू कशाला इचारतंस?” आणि गाव उठला.

तर सदा, असं आहे. तुझा मुलगा गणू मुंबईहून अळशीच्या तेलाचा डबा घेऊन आगबोटीनं जयगडला उतरेल, कुंचा तो धरेल. चूल माझी. घरातल्या डब्याच्या तळाशी जुनं थोडं तेल उरलं होतं, त्याचं आज सकाळी वाटीभर रोगण करून बघितलं. कुणाचं पत्र लिहायला उठले नाही. पारू आलेली, तिला म्हटलं, नवऱ्याला थांबू दे. एका फळकुटावर हात मारलाय. ते आत्ता माझ्यासमोर पडवीत आहे, वाऱ्याला, सावलीत. दांडाही मी सावलीतच वाळवणार, आधीच सांगून ठेवते. तुझं अंगण उन्हानं नुसतं भरलंय समोर, चकाकी येईल अशी जागा मोकळी आहे, आणि इतका वेळ झाला तरी कुणी ते फळकूट उचलून तिकडे ठेवत नाही.

पटत नसेल तुला तर स्वतः ये आणि ठेव. पालखी आपल्या खळ्यात येईल त्या दिवशी तर येच, फणसाशी नको, पुढे ये, दांड्याला बोट लाव, चिकटतं का बघ. पेज गरम ठेवते. उशीर लावू नकोस रे मेल्या. लवकर ये.